बाबांच्या गोळीचा गजर वाजत नाही – ॲप बंद केल्यावर फोन नेमकं काय करतो?

सोनचाफा | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न मोबाईलचा आहे, पण माझ्यासाठी तो घरचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांना पार्किन्सन्स आहे. दिवसाला चार गोळ्या: सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७. गोळी लांबली की अर्ध्या-पाऊण तासात फरक दिसतो. हात ताठरतो, खुर्चीतून उठल्यावर पहिलं पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं. मी पुण्यात, ते दोघं वाईला. म्हणून आईच्या फोनवर गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप टाकून दिलं होतं. जुन्या फोनवर दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. दिवाळीत नवा फोन घेतला, अँड्रॉइड १४ चा, ४ जीबी रॅमचा. तेव्हापासून गजराचा भरवसा उरलेला नाही. मागच्या आठवड्यात दुपारची गोळी तीनदा राहिली.

आईची एक सवय सांगायला हवी. फोन खाली ठेवायच्या आधी ती खालचा चौकोन दाबते आणि उघडी असलेली सगळी ॲप एकेक करून वर सरकवून टाकते. ओटा पुसल्याशिवाय ती स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही, तसंच हे. असं केलं की बॅटरी टिकते, असं तिला फोनच्या दुकानात सांगितलं होतं.

तर माझे प्रश्न. ॲप असं सरकवलं की त्याचा गजरही जातो का? जात असेल, तर व्हॉट्सॲपही ती तसंच सरकवते, मग माझे मेसेज तिला कसे मिळतात? आणि जुन्या फोनवरही हीच सवय होती, तेव्हा गजर कसा वाजायचा?

कातळशिल्प | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, उत्तर देण्याआधी एक विचारतो. गजर अजिबात वाजत नाही, की उशिरा वाजतो? उशिरा वाजत असेल तर आईंनी फोन हातात घेतला की लगेच वाजतो का? हे तेवढं नीट विचारून सांगा. त्यावर सगळं अवलंबून आहे.

झेंडूची_माळ | मंगळवार, रात्री ९:५५

रॅम साफ करणारं एखादं ॲप नव्या फोनमध्ये आलेलं असेल तर ते आधी काढून टाका. माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये तेच होतं.

सोनचाफा | बुधवार, सकाळी ८:०५

कातळशिल्प, आईला विचारलं. दोन्ही होतंय! ११ ची आठवण परवा ११:३५ ला आली. तिने मला फोन लावायला मोबाईल उचलला, स्क्रीन लागली आणि त्याच क्षणी गजर वाजला. दुपारी ३ चा मात्र वाजतच नाही. जेवण झाल्यावर ती बातम्या बघते, मग सगळं सरकवून आडवी होते. रात्री मी सांगितलं म्हणून ॲप उघडलं, तर आत ‘गोळी चुकली’ असं लाल अक्षरांत दिसलं.

झेंडूताई, तसलं ॲप नाहीये, बघितलं मी.

कातळशिल्प | बुधवार, दुपारी १:२०

तुमच्या या उत्तरातच निदान आहे. हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोन्ही एकाच फोनवर चाललेत. मी नऊ वर्षं अँड्रॉइडची ॲप लिहितोय, त्यामुळे जरा मुळापासून सांगतो.

आपण ‘ॲप बंद केलं’ म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली तीन गोष्टी येतात. होम बटण दाबून ॲप स्क्रीनवरून घालवलं, ही पहिली. ॲप मेमरीत तसंच असतं, फक्त मागे गेलेलं असतं. दुसरी अशी की मेमरी कमी पडली आणि फोनने ते स्वतःहून काढून टाकलं. असं दिवसात कितीतरी वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तिसरी म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ करणं.

आता गजराचं. चांगलं लिहिलेलं ॲप ३ वाजेपर्यंत जागं राहून घड्याळ बघत बसत नाही. ते अँड्रॉइडकडे एक चिठ्ठी ठेवतं, ‘३ वाजता मला उठव’, आणि खुशाल झोपतं. सोसायटीच्या वॉचमनकडे निरोप ठेवून आपण कामाला जातो तसं. म्हणून पहिल्या दोन प्रकारांत काहीच बिघडत नाही. ॲप मेमरीत नसलं तरी चिठ्ठी वॉचमनकडे आहे. ३ वाजता तो ॲपला नव्याने उभं करतो आणि गजर वाजतो.

फोर्स स्टॉपमध्ये चिठ्ठ्याच फाडल्या जातात. २०११ च्या अँड्रॉइड ३.१ पासून असा नियम आहे की फोर्स स्टॉप केलेलं ॲप ‘थांबलेलं’ म्हणून नोंदवलं जातं. त्याचे गजर रद्द, ठरवून ठेवलेली कामं रद्द, बाहेरून येणारा संदेशही त्याच्यापर्यंत पोचत नाही. माणूस स्वतः ते ॲप उघडेपर्यंत अँड्रॉइड त्याला उठवत नाही. वापरणाऱ्याने सांगितलं थांब, तर थांबायचं, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे.

मग वर सरकवणं यात कुठे बसतं? मूळ अँड्रॉइडमध्ये ते पहिल्या-दुसऱ्या प्रकारात येतं. चिठ्ठी शाबूत राहते. पण काही फोन कंपन्यांनी आपल्या फोनवर सरकवण्याचा अर्थ जवळजवळ फोर्स स्टॉप असा करून ठेवलाय. जुन्या फोनवर आईंच्या सवयीने काही बिघडत नव्हतं आणि नव्यावर बिघडतंय, ते यामुळे. आईंचं काहीच चुकलेलं नाही, हे त्यांना जरूर सांगा.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी. मेसेज येण्यासाठी प्रत्येक ॲप स्वतःची लाइन उघडी ठेवत नाही. गूगल प्ले सर्व्हिसेस सगळ्यांच्या वतीने एकच जोडणी चालू ठेवते. मेसेज तिथे येतो, तातडीचा असेल तर झोपलेल्या फोनवरही त्या ॲपला थोडा वेळ उठवलं जातं. शिवाय सरकवल्यावर ॲप मारणाऱ्या कंपन्यासुद्धा लोकप्रिय ॲपना आधीपासून सूट देऊन ठेवतात, कारण मेसेज आला नाही तर गिऱ्हाईक लगेच फोनलाच नावं ठेवेल. गोळीच्या छोट्या ॲपला अशी सूट कोण देणार? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. ज्या ॲपवर कुणाचं औषध अवलंबून आहे तेच पहिलं मारलं जातं.

११:३५ चं काय झालं ते संध्याकाळी लिहितो, आता मीटिंग आहे.

शाळेची_घंटा | बुधवार, दुपारी ३:१०

माहिती उत्तम, पण एक शंका आहे. मी सत्तरीचा आहे, फोन ३ जीबीचा आहे. सगळी ॲप बंद केली नाहीत तर फोन अडकतो हा माझा रोजचा अनुभव आहे. मग बंद करू नका हा सल्ला आमच्यासारख्यांना कसा लागू पडेल?

उंबरठा | बुधवार, दुपारी ४:०२

काका, तुमचा अनुभव खोटा नाही, पण कारण बहुधा दुसरं आहे. मागे गेलेलं ॲप मेमरी अडवून बसतं हे खरं, पण ती जागा लागली की अँड्रॉइड सगळ्यात जुनं, बिनकामाचं ॲप आधी काढतं. त्यासाठी आपण बोट लावायची गरज नसते. नव्या आवृत्त्यांत तर मागची ॲप गोठवूनच ठेवतात. अँड्रॉइड ११ पासून ही सोय आली. गोठलेलं ॲप मेमरीत असतं, पण प्रोसेसरचा एक कणही वापरत नाही. ते परत उघडलं की क्षणात समोर. तेच आपण सरकवून मारलं तर पुढच्या वेळी ॲपला पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं, आणि त्यातच बॅटरी जास्त जाते.

आयफोनचंही हेच. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलला ईमेल करून विचारलं होतं, तुम्ही स्वतः ॲप सारखी बंद करता का, बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिघी यांनी उत्तर दिलं: नाही आणि नाही.

बंद करावं असं ॲप म्हणजे जे खरोखर काम करत राहिलंय. रस्ता दाखवणारा नकाशा पोचल्यावरही बोलतोय, व्हिडिओ कॉल अडकलाय, असं काही. तुमचा फोन अडकत असेल तर आधी स्टोरेज बघा. फोटो-व्हिडिओंनी ती काठोकाठ भरली असेल तर फोन चालताना ठेचकाळतोच.

शाळेची_घंटा | बुधवार, दुपारी ४:३०

६४ पैकी ६१ जीबी भरलेली आहे. नातवाचे व्हिडिओ. रविवारी मुलगा आला की काढून घेतो. आभार.

कातळशिल्प | बुधवार, रात्री ८:४५

आता ११:३५.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर ‘डोझ’ आलं. डुलकीच म्हणा. स्क्रीन बंद, चार्जर लावलेला नाही आणि फोन हलत नाहीये, असं काही काळ चाललं की फोन गाढ झोपतो. ॲपचं इंटरनेट बंद, बाकीची कामं खोळंबलेली, साधे गजरही पुढे ढकललेले. मधूनमधून तो थोडा वेळ जागा होतो, साठलेली कामं उरकतो आणि परत झोपतो. जसजसा वेळ जातो तसं हे जागं होणंही लांबत जातं. फोन उचलला, स्क्रीन लावली की झोप मोडते आणि अडकलेलं सगळं एकदम येतं. सकाळी फोन टीपॉयवर ठेवला, आई कामाला लागल्या, ११:३५ ला उचलला आणि गजर वाजला. हुबेहूब तेच.

डोझमध्येही नेमक्या मिनिटाला वाजेल असा गजर लावायची सोय ॲपला असते, पण त्यासाठी २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी लागते, ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ नावाची. आणि इथे तुमच्या नव्या फोनची ग्यानबाची मेख आहे. अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना ही परवानगी आपोआप मिळत नाही. जुन्या फोनवरून बॅकअपने सगळं जसंच्या तसं आणलं तरी ही परवानगी बरोबर येत नाही. ती हाताने चालू करावी लागते. ती नसेल तर बरीच ॲप गुपचूप साधा गजर लावतात, आणि तो डोझमध्ये अडकतो.

तेव्हा वाईला गेलात की असं करा. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, तिथे ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’. त्या यादीत गोळीचं ॲप चालू करा. मग त्याच ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. त्याच्या आसपास कुठेतरी ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण असेल. प्रत्येक कंपनी ते वेगळ्या जागी ठेवते, शोधावं लागेल, पण ते चालू केल्याशिवाय सोडू नका. फोन बंद करून चालू केला की सगळ्या चिठ्ठ्या पुसल्या जातात, हे मूळ अँड्रॉइडमध्येही असंच आहे. फोन सुरू झाल्याचं कळल्यावर ॲपने उठून त्या पुन्हा लावायच्या असतात. ऑटोस्टार्ट बंद असेल तर त्याला उठूच देत नाहीत.

शेवटचं, चौकोन दाबल्यावर जी ॲप दिसतात तिथे गोळीच्या ॲपवर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. ते लावलं की ‘सगळं साफ करा’ दाबलं तरी ते ॲप राहतं.

रानवाटा | बुधवार, रात्री ९:३०

माझाही प्रश्न याच घरातला वाटतो. ट्रेकचा मार्ग नोंदवणारं ॲप वापरतो. मागच्या महिन्यात खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर गेलो. टोलार खिंडीपर्यंत मार्ग वळणावळणाने नीट उमटलाय. तिथून पुढे थेट मंदिरापर्यंत नकाशावर एक सरळ रेघ! जणू उडत गेलो. मी ॲप बंद केलंच नव्हतं, फोन फक्त खिशात होता.

उंबरठा | बुधवार, रात्री १०:१५

तुमच्या ॲपची पद्धत गजरापेक्षा वेगळी असते. गजर दिवसात चार क्षण वाजतो, पण मार्ग नोंदवायला सतत जागं राहावं लागतं. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, मागे गेलेल्या ॲपला असं मनमानी चालू राहता येत नाही. त्याला ‘फोरग्राउंड सर्व्हिस’ चालवावी लागते, म्हणजे वर एक नोटिफिकेशन कायम दिसत ठेवायचं: मी चालू आहे, तुमचं लोकेशन वापरतोय. नसेल तर मागच्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. त्यातून सरळ रेघच निघणार.

खिंडीत पोचेपर्यंत बॅटरी किती होती? बॅटरी सेव्हर आपोआप लागला असेल तर बऱ्याच फोनवर स्क्रीन बंद होताच लोकेशनच थांबतं. गडावर सगळे बॅटरी सेव्हर लावतात आणि नेमका मार्ग तिथेच तुटतो. पॉवर बँक घ्या, सेव्हर बंद ठेवा, ॲपला अनरिस्ट्रिक्टेड करा. लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ एवढी असली तरी चालते, नोंदणी मात्र ॲप समोर असताना सुरू करा.

रानवाटा | बुधवार, रात्री १०:२२

खिंडीत १९ टक्के होती आणि सेव्हर लागला होता. कळलं. रस्ता चुकलेल्या माणसाला मागे फिरायला हा मार्गच उपयोगी पडतो, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये हे सगळ्यांना वाचायला देतो.

उत्तरेचा_वारा | गुरुवार, पहाटे ३:४८

टोरांटोहून लिहितेय. आईसाठी भारतात आयफोन पाठवायचा विचार आहे, औषधांसाठीच. तिथे हा त्रास नाही ना?

उंबरठा | गुरुवार, सकाळी ९:०५

बराच कमी, पण नियम तिथेही कडक आहेत, किंबहुना सुरुवातीपासून जास्त कडक. २०१० च्या आयओएस ४ पर्यंत बाहेरच्या ॲपना मागे काही करायची मुभाच नव्हती. आजही ॲप मागे गेलं की हातातलं काम संपवायला त्याला साधारण अर्धा मिनिट मिळतं, मग ते गोठतं. गाणी, कॉल, लोकेशन अशा ठरावीक कामांनाच पुढे चालू राहता येतं. बाकी कामासाठी ॲपने फक्त विनंती करायची. ते कधी करायचं ते आयफोन ठरवतो, तुम्ही ते ॲप रोज किती वाजता उघडता ते बघून.

तिथेही आपण ॲप वर सरकवून टाकलं की त्याचा अर्थ ‘मला हे चालायला नको’ असाच घेतला जातो. मागून होणारी ताजी माहितीची उचल थांबते, अर्धवट राहिलेली डाउनलोडसुद्धा रद्द होतात.

पण गोळीच्या आठवणीचा प्रश्न तिथे येत नाही, कारण चिठ्ठी सर्वस्वी फोनकडे असते. ‘३ वाजता हा मजकूर दाखव, हा आवाज वाजव’ एवढं ॲपने सांगून ठेवलं की पुढचं आयओएस स्वतः करतं, ॲपला उठवायचीही गरज नाही. सरकवलं तरी वाजतं. मर्यादा दोन आहेत. एका ॲपच्या अशा ६४ च चिठ्ठ्या शिल्लक राहू शकतात, आणि आवाज जास्तीत जास्त ३० सेकंद. शिवाय फोन सायलेंटवर असेल तर आवाज नाहीच. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये बाहेरच्या ॲपनाही खराखुरा गजर लावता यायला लागलाय, सायलेंट असला तरी वाजणारा. फक्त ॲप त्यासाठी नव्याने लिहिलेलं हवं.

झेंडूची_माळ | गुरुवार, सकाळी ११:४०

अवांतर: २०२३ मध्ये सरकारने चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते. ते कुठल्या ॲपने?

कातळशिल्प | गुरुवार, दुपारी १२:१५

कुठल्याच नाही. तो सेल ब्रॉडकास्ट. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश देतो आणि तो फोनच हाताळतो. ॲप नाही, इंटरनेट नाही, म्हणून मारायलाही काही नाही.

सोनचाफा | रविवार, दुपारी ३:२०

वाईहून लिहितेय. काल रात्रीच आले.

‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’च्या यादीत गोळीचं ॲप खरंच बंद होतं! चालू केलं. बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड केली. आज सकाळी ९ ला फोन मुद्दाम टीपॉयवर ठेवला आणि कुणालाही हात लावू दिला नाही. बरोबर ११ ला वाजला. मी आणि आई दोघी समोर बसून होतो.

जेवण झाल्यावर आईला म्हटलं, तू रोज करतेस तसंच कर. ती सरकवायला लागली, तर गोळीच्या ॲपवर कुलूप असल्यामुळे ते तिथेच राहिलं. ३ वाजता वाजला. बाबांनी आतून हाक मारली, ‘वाजलं गं’. गोळी ३:०१ ला दिली.

ऑटोस्टार्ट मात्र मिळत नाहीये. सगळीकडे शोधलं.

कातळशिल्प | रविवार, दुपारी ३:३८

फार बरं वाटलं वाचून. सेटिंग्जच्या वर शोधायची पट्टी असते, तिथे इंग्रजीत ऑटो एवढंच टाइप करून बघा. नाही दिसलं तर फोनबरोबर आलेल्या सुरक्षेच्या ॲपमध्ये बघा, बऱ्याच कंपन्या ते तिथे ठेवतात. सापडलं की फोन एकदा बंद करून चालू करा, गोळीचं ॲप उघडू नका, आणि ७ ची वाट बघा. ही खरी परीक्षा.

आणखी एक खूण सांगतो. वरच्या पट्टीत बॅटरीजवळ छोटं घड्याळाचं चिन्ह दिसतंय का? ते दिसलं तर तुमचं ॲप सगळ्यात भक्कम प्रकारचा गजर वापरतंय. त्याच्यासाठी फोन वेळ व्हायच्या थोडं आधी स्वतःहून डोझमधून बाहेर येतो. दिसत नसेल तर माझं ऐका, फोनच्या स्वतःच्या घड्याळातही याच चार वेळांचे गजर लावून ठेवा. फोनच्या स्वतःच्या घड्याळाच्या वाटेला कंपन्या सहसा जात नाहीत. औषधाच्या बाबतीत एकाच गोष्टीवर विसंबू नये.

सोनचाफा | रविवार, संध्याकाळी ७:१५

सुरक्षेच्या ॲपमध्येच होतं. चालू केलं, फोन बंद करून चालू केला, ॲप उघडलं नाही. ७ ला वाजला.

घड्याळाचं चिन्ह नव्हतं, म्हणून फोनच्या घड्याळातही चार गजर लावले. आता चिन्ह दिसतंय. आईला ते बोट ठेवून दाखवलं आणि सांगितलं, हे दिसेनासं झालं तर लगेच मला कळव. तिने ते कॅलेंडरवर पेनने काढून ठेवलंय.

मी आता पुण्याला निघतेय. उद्या सकाळी ७ ला गजर वाजला की मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलंय.

सोनचाफा | सोमवार, सकाळी ७:०३

आला मिस्ड कॉल.